ती गाठ मी सोडली

काशिनाथ, तुझी चिंधी माझ्याजवळ होती. छत्तीस वर्षं होती. आधी संस्थेतल्या टेबलाच्या खणात आणि निवृत्तीनंतर पनवेलच्या घरी, कपाटात, जुन्या चष्म्याच्या डबीत. हिरव्या लुगड्याचा काठ, चार बोटं रुंद, हातभर लांब. हायड्रोजनच्या व्हॉल्व्हच्या चाकाला तू ती दोन गाठी मारून बांधली होतीस. चौकशी समितीने मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मी व्हॉल्व्ह उघडला तेव्हा त्यावर काही बांधलेलं नव्हतं."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. उघडायच्या आधी ती चिंधी मीच सोडली होती, एवढंच मी सांगितलं नाही.

संस्था आपल्या पहिल्या दहा वर्षांवर ग्रंथ काढते आहे. त्या काळातला जिवंत उरलेला शास्त्रज्ञ मी एकटाच, म्हणून शोधांचं प्रकरण माझ्याकडे आलं. बावीस पानं लिहून झाली होती. त्यांत तुझं नाव एकदाही नव्हतं. तेविसावं पान घेऊन बसलो असताना आपल्या स्टोअरच्या गफूरभाईंचा फोन आला. "साहेब, आपला काशिनाथ गेला. अल्लाची मर्जी." मग म्हणाले, "आता तरी जाऊन या. माझी उमर झाली, नाहीतर मी तुम्हाला हाताला धरून नेलं असतं."

तू गेलास त्या दिवशी मी गेलो नाही. बाराव्याला गेलो. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी ती बावीस पानं पुन्हा लिहितो, खरी.

आपली संस्था म्हणजे तेव्हा आपटा गावाजवळ, पाताळगंगेच्या काठी, सिमेंटच्या पत्र्यांची तीन शेड. परदेशातून येणारी रसायनं इथेच बनवायची, हा ध्यास. मी पुण्याहून डॉक्टरेट घेऊन आलो होतो. तू फिटर होतास, माझ्याच वयाचा, उरण रस्त्यावर मिठागरात राबणाऱ्या घरातला. पहिल्याच दिवशी मी निकेलची भुकटी गाळून गाळणीचा कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला. ती भुकटी कोरडी पडली की वाऱ्यानेही पेटते. टोपलीने भडका घेतला, शेजारी स्पिरिटचे कॅन होते. तू भिजलेलं गोणपाट घेऊन टोपलीवर पडलास, आणि आग विझल्यावर उठून सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढलास.

"पुस्तकात नव्हता का साहेब ह्या?"

पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. मी तक्रार केली नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत मी तुझ्याशी वागलो त्यातली चांगली अशी तेवढीच एक गोष्ट.

आता नोंद करतो. निकेलची भुकटी तेलातून पूर्ण वेगळी होईना, गाळण्या तुंबायच्या, सहा महिने आम्ही डोकं फोडलं. तुझ्या गावच्या गणपती मंडळाचा फुटका कर्णा तू दुरुस्तीला घेतला होतास. त्यातलं लोहचुंबक काढून तू माझ्या चंबूच्या बुडाला लावलंस. दोन मिनिटांत सगळं निकेल तळाशी. "ह्या तर लोखंडाचा भाऊच हाय," एवढंच म्हणालास आणि चहा प्यायला गेलास. तो लेख बाहेरच्या मासिकात तीन नावांनी छापून आला. तुझं चौथं नाव मी कच्च्या प्रतीत घातलं होतं. संचालक म्हणाले, "फिटरचं?" मी खोडलं.

तळोज्याच्या कारखान्यांचं लालभडक सांडपाणी स्वच्छ करायची आपली पद्धत अजून शिकवली जाते. एकच मोठा हौद बांधायचा बेत होता. तू मातीत काठीने रेघा ओढून दाखवलंस, की मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत जातं आणि दर वाफ्यात वेगळं काहीतरी खाली बसतं. आमचे सात उथळ हौद तिथून आले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो आहे.

आणि चिंधी.

ती या सगळ्याहून मोठी गोष्ट होती आणि तिला आम्ही सर्वांत जास्त हसलो. खाडीच्या बांधाला पाणी आत-बाहेर करायला उघाडी असते, फळ्यांचं दार. आत कुणी चिखल उपसायला उतरला की तो उघाडीला आपला कपडा बांधून जातो. कपडा दिसला की भरती कितीही चढो, दुसरा माणूस फळीला हात लावत नाही. तुझ्या आजोबांच्या वेळी कुणीतरी कपडा न बघता फळी उचलली होती. आत दोन भाऊ होते. ओहोटीला ते बांधाच्या कडेला सापडले, तोंडात चिखल भरलेला. तेव्हापासून नियम एकच: ज्याने बांधला त्यानेच सोडायचा.

तो नियम तू संस्थेत आणलास. ज्या नळीवर काम चालू असेल तिच्या व्हॉल्व्हला फिटरने आपली चिंधी बांधायची. तुझी यमुनावहिनींच्या लुगड्याची. दामूची, म्हणजे वहिनींच्या थोरल्या भावाची, चौकड्यांच्या लुंगीची. दामूला तूच नोकरीला लावलं होतंस. तो तुझ्या हाताखाली काम करायचा आणि तुला दिवसभर चिडवायचा, "दाजी, बहिनीचा लुगडा फाडून फाडून तिला उघडी ठेवशील." मी म्हणायचो, प्लांट दिसतोय की नवसाचं झाड?

आपला वाद तिथून सुरू झाला आणि कधी संपला नाही. मी म्हणायचो, काशिनाथ, चांगली मापकं लावली आहेत, दाब दाखवतात, तापमान दाखवतात, चिंध्यांची काय गरज? तू म्हणालास, "गेज आत काय चाललंय ते सांगतो साहेब. भाहेर मानूस बसलाय का, ते नाय सांगत."



त्या दिवसाच्या आठवडाभर आधी एक गोष्ट घडली होती. तू काम संपवून चिंधी सोडायला विसरलास आणि जेवायला गेलास. मी दोन तास थांबून राहिलो. संचालकांनी मला सगळ्यांदेखत झापलं. तू आल्यावर मी तुझ्यावर ओरडलो, "तुझ्या चिंध्यांपायी ही संस्था एक दिवस बंद पडेल." तू हसलास. "थांबलाव ना? मंग नियम चालला."

ते हसणं माझ्या डोक्यात राहिलं.

त्या दिवशी दिल्लीचे पाहुणे दुपारी तीनला यायचे होते. दहाच्या सुमारास संचालक धावत आले, पाहुणे पनवेल सोडून निघाले, अर्ध्या तासात पोचतील, मोठी भट्टी चालू दिसली पाहिजे. मोठी भट्टी म्हणजे हायड्रोजनच्या दाबावर चालणारं ते लोखंडी पिंप. मी शेडमध्ये गेलो. कुणी दिसलं नाही. व्हॉल्व्हवर तुझी हिरवी चिंधी. मला वाटलं, पुन्हा विसरला.

खरं लिहायचं तर, मला तसं वाटावं असं मी ठरवलं. तुझ्या नावाने एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. भिंतीपलीकडे दामू उकिडवा बसून दाब सुटायच्या नळीचं तोंड घट्ट बुजवत होता, कारण तिचं झाकण तू काढलं होतंस आणि नवी रबरी चकती आणायला स्टोअरमध्ये गेला होतास. मी हाक मारली नाही. चिंधीची पहिली गाठ बोटांनी सुटली. दुसरी सुटेना. तू ती ओली करून आवळली होतीस. मी वाकलो आणि ती दातांनी सोडवली.

लोक म्हणतात, घाईत चूक होते. काशिनाथ, दातांनी गाठ सोडवायला वेळ लागतो. त्या वेळात माणूस विचार करू शकतो. मी केला होता. आठवडाभरापूर्वीच्या तुझ्या हसण्याचा.

चिंधी पँटच्या खिशात घातली, चाक फिरवलं आणि नियंत्रण खोलीत जाऊन मापकाकडे बघत बसलो. काटा चढत होता. छान चढत होता. बाहेर पडायची वाट बुजली होती, म्हणून तो इतका छान चढत होता.

काचेतून मी तुला परत येताना पाहिलं. हातात रबरी चकती. तू व्हॉल्व्हकडे बघितलंस, उघडं चाक बघितलंस, आणि तुझं तोंड उघडलं. "दामू!" असं ओरडलास. लोक उलट दिशेला पळाले असते. तू भट्टीकडे पळालास आणि उजवा हात चाकावर टाकलास.

मला आवाज आठवत नाही. मला भिंत आठवते. ती आमच्याकडे आली. मग पत्रे वरून सुऱ्यांसारखे पडले. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. काही नसलेल्या हवेत माणसांचे कपडे काळे पडत होते, केस आखडत होते, आणि आग कुठे आहे ते कळत नव्हतं. भट्टीच्या झाकणाचा एक बोल्ट दामूच्या छातीतून पार जाऊन मागच्या खांबात रुतला होता. तो बसल्या जागी बसलेला होता, पाना हातात. त्याच्या तोंडावर चिडवतानाचा भाव तसाच होता, असं मला वाटलं.

तुझा उजवा हात मनगटाखाली नव्हता. डावा डोळा रक्ताने भरलेला. तू डाव्या हाताने जमिनीवर काहीतरी चाचपत होतास. मला वाटलं, हात शोधतोय. मी वाकलो तेव्हा तू म्हणालास,

"साहेब, माजा कपडा कुठं हाय?"

माझ्या खिशात होता. माझ्या मांडीला तो लागत होता.

समितीसमोर गफूरभाई उभे राहिले आणि म्हणाले, "काशिनाथ माझ्याकडे चाय पीत बसला होता. मी बोललो जल्दी कर, तर बोलला, कपडा बांधून आलोय, काय घाई नाही." समितीने लिहिलं, ऐकीव माहिती. मग माझं वाक्य लिहिलं. मग निष्कर्ष: फिटरने नियम पाळला नाही. तुझा स्वतःचा नियम, तुझ्या आजोबांच्या गावाने दोन मुडद्यांवरून शिकलेला.

तुला काढून टाकल्याचं पत्र घेऊन मीच आलो. संचालक म्हणाले, तुमची ओळख आहे, तुम्ही द्या. तू त्याच दिवशी हॉस्पिटलातून घरी आला होतास. जीप फाटकाशी थांबली तेव्हा तुझ्या अंगणात दामूचा धाकटा भाऊ पांडुरंग आणि आणखी चौघं होते. पांडुरंगच्या हातात होडीचं वल्हं होतं. पहिला तडाखा तुझ्या पाठीत बसला. दुसरा खांद्यावर. तू पडलास ते बँडेज केलेल्या हातावर, आणि तुझी किंकाळी ऐकून शेजारच्या म्हशी दावं ओढायला लागल्या. पांडुरंग ओरडत होता, "तुज्या आळसापायी भाऊस मेला माजा! भावजीस म्हनायची लाज वाटते!" ते लाथा घालत होते. तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास, तोंडात माती जात होती तरी, "बांदलेला! मी बांदलेला कपडा! यमे, तूच फाडून दिलास ना, सांग यांना!"

यमुनावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचा भाऊ मेला होता. त्या काही बोलल्या नाहीत.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उतरू नका." मी उतरलो नाही. सगळं पांगल्यावर पत्र ओट्यावर दगडाखाली ठेवलं आणि निघालो.

पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, किंवा असेलही. समितीने म्हटलं होतं, चिंधी ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे. मग मी शास्त्रीय पद्धत तयार केली. लाल प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर कामगाराचं नाव, तिला छोटं कुलूप, आणि खाली छापलेला नियम: ज्याने लावली त्यानेच काढावी. तळोज्याच्या कारखान्यांनी ती घेतली. कितीतरी माणसं तिच्यामुळे जिवंत राहिली असतील. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. भाषणात मी म्हणालो, की ही कल्पना मला एका दुःखद अपघातातून सुचली. टाळ्या वाजल्या. गफूरभाई उठून बाहेर गेले.

तुला मी एकदाच भेटलो. उरणच्या मोरा धक्क्यावर, मुंबईची लाँच पकडायला आलो होतो. तू एका मच्छीमाराच्या होडीचं इंजिन खोलून बसला होतास, डाव्या हाताने पाना फिरवत, उजव्या कोपराने नट दाबून धरत. इंधनाच्या नळीच्या तोटीला एक चिंधी बांधलेली होती. मी बघितली, तू मला बघताना बघितलंस.

"बरा हाय ना साहेब?"

"बरा आहे. तू?"

"हाय." मग पाना खाली ठेवून, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी छत्रीबद्दल विचारावं, "माजा कपडा गावला का वो?"

मी म्हणालो, "कुठला कपडा?"

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस, एका डोळ्याने. मग म्हणालास, "लाँच सुटंल तुमची. जावा."

तुला माहीत होतं. तेव्हाच मला कळलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं. चिंधी आपोआप सुटत नाही, आणि त्या शेडमध्ये चाक फिरवायला माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. तू कुणालाच का सांगितलं नाहीस? सांगितलं असशील तर कुणी ऐकलं नसेल. की मी येऊन सांगावं म्हणून थांबला होतास? तू बांधलेली गाठ मी सोडली. माझी गाठ मीच सोडायची, असा तुझा हिशेब होता का? हे मी तुला विचारायला हवं होतं. लाँच पकडली.

परवा बाराव्याला मी चष्म्याची डबी खिशात घेऊन तुझ्या गावी आलो. मिठागरं भरून त्यांवर इमारती उभ्या राहिल्यात, पण तुझं अंगण तेवढंच आहे. माणसं जेवून उठत होती. यमुनावहिनी ओट्यावर बसल्या होत्या. पांडुरंग, आता काठी टेकणारा, पानं वाढून दमलेला, खुर्चीत होता. मी वहिनींसमोर उभा राहिलो आणि चिंधी बाहेर काढली. त्यांनी ती हातात घेतली, काठावरची नक्षी अंगठ्याने चाचपली.

"माज्या लग्नातला लुगडा ह्या." मग, "तुमच्याकडं कसा?"

मी सांगितलं. सगळं. दातांचंही.

"मोठ्यानं बोला," त्या म्हणाल्या. "तवा सगळ्या गावानं ऐकला होता. आता पन ऐकू द्या."

मी अंगणाच्या मधोमध, तू पडला होतास तिथे उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बोलून संपायच्या आत पांडुरंगची काठी माझ्या तोंडावर बसली. ज्या दातांनी गाठ सोडवली ते कधीच पडले, काशिनाथ. कवळी मातीत पडली. दुसरा तडाखा मानेवर आला. मी खाली बसलो. तो म्हातारा हंबरडा फोडून मारत होता आणि मारता मारता तुझं नाव घेत होता. "मी भावजीस तोडला र! देवमाणूस तोडला मी!" त्याला थांबवायला कुणी पुढे आलं नाही.

मग यमुनावहिनी उतरल्या आणि त्यांनी काठी धरली.

"पांडू, बस कर. त्याला मारलास तवा मी गप बसलेली. छत्तीस वर्सं त्याच्या ताटात भात वाढला आनि मनात बोलले, माज्या भावाला खाल्लास. एकदा तरी तोंडावर पन बोलले. तो बोलला, बांदलेला गो. मी बोलले, गप र्‍हा. आता आनखी नको कुनाचा रगत ह्या अंगनात."

माझी कवळी त्यांनी पदराने पुसून माझ्या हातात दिली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी तरी म्हणावं. 'क्षमा' हा शब्द तोंडात येत होता, पण दातांशिवाय तो नीट उच्चारताही आला नसता. त्यांनी मला दंडाला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं, आत जाऊन फाटक ओढून घेतलं, आणि कडीला ती हिरवी चिंधी बांधली. पहिली गाठ. मग चिंधीला थुंकी लावून दुसरी, करकचून.

"नियम ठाव हाय ना साहेब?"

"हो," मी म्हणालो.

"मी सोडीन तवा या."

बावीस पानं मी फाडली. त्यांच्या जागी हा लेख संस्थेला पाठवतो आहे. छापला नाही तर दुसरीकडे देईन. पोलीस ठाण्यात लेखी जबाब दिला. तिथल्या मुलीने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आजोबा, इतक्या वर्षांनी?" मी म्हणालो, हो.

आज सकाळी उरणची एसटी धरून पुन्हा तुझ्या गावी गेलो. फाटकाशी उभा राहिलो. आत वहिनी अंगण झाडत होत्या. त्यांनी बघितलं, झाडत राहिल्या. खाडीवरून वारा येत होता आणि चिंधीचं एक टोक हलत होतं. गाठ माझ्या छातीच्या उंचीवर होती, हात पुढे केला असता तर पोचला असता.

मी हात लावला नाही, काशिनाथ.